चुऱ्याचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगते आहे म्हणून तुम्ही माझे फार जवळचे आहात असं समजू नका – तुम्ही कुसगावात राहत नाही, एवढंच.

माझी मोठी जाऊ, रंजनाअक्का. जाड. लग्नाच्या मांडवात तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला हसू आलं होतं. पण घरातलं पान तिच्या शब्दावाचून हलत नसे. मला ती आवडायची नाही. का? तिनं माझं काहीच वाईट केलं नव्हतं – बहुतेक त्याचाच राग यायचा.

मग तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि – खरं सांगू? – मला बरं वाटलं. आता रडेल, आता खचेल. पण बाई पहाटे उठून कुरवंड्याच्या रस्त्यानं चालायला लागली. भात सोडला. ब्लाउज ढिले झाले तशा सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायला लागल्या. माझा नवरा मला म्हणाला, "अक्काकडनं शिक कायतरी." मी? मी जन्माची काटकुळी, आणि मी तिच्याकडून शिकायचं?

मी लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला आहे. चिक्की कापताना जी तुटते तो चुरा. संध्याकाळी आम्हा बायकांना घरी न्यायला मिळतो. मी कधी आणत नव्हते, दिवसभर त्या वासानं नको झालेलं असतं. नवरा तसं बोलला तेव्हापासून आणायला लागले. ओट्यावरच्या डब्यात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "पोरांसाठी हाय हं. अक्का, तुमी लांबच ऱ्हावा, न्हाईतर परत दारात अडकाल." सगळे हसायचे. अक्काही हसायची.

तिचं एक मला पक्कं ठाऊक होतं – तिला कुणी हसलं की ती खाते. भूक नसते. नुसतं तोंड चालू असतं, भिंतीकडे वळून. आणि दुपारी घरात ती एकटीच असायची.

संध्याकाळी झाकण उघडलं की मला कळायचं. मग मी काय करायचे? गुपचूप वर भर घालायचे. चुरा कमी झालेला कधी दिसू दिला नाही. तिला वाटायचं, चिमूटभरच तर घेतला, कुणाला कळलंही नाही. डब्यातला चुरा एकदा जरी खाली गेलेला दिसला असता ना, तर ती घाबरून थांबली असती. म्हणूनच तर भरत होते. ही थट्टा नव्हती. मला ती पुन्हा जाड व्हायला हवी होती.

झाली. चालणं सुटत गेलं. त्यातच बुटानं पायाच्या अंगठ्याला फोड आला, शुगरनं पाय बधिर झालेला, त्यामुळे तो तिला जाणवलाच नाही. दिसला तेव्हा चिघळला होता, तरी तिनं लपवला – कुणापासून? माझ्या तोंडापासून. शेवटी अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, शुगर एवढी वाढली कशी? तिच्याआधी मीच बोलले, "चोरून खातात हो. आम्ही सांगून थकलो." तिनं मान खाली घातली.

त्याला काही वर्षं झाली. ती लंगडत चालते. तिच्या ड्रेसिंगचं मीच सगळं केलं होतं, त्यामुळे जाऊ असावी तर अशी, असं गावात म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

परवा भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "तू लय सांगितलंस गं मला. म्याच ऐकलं न्हाई. माझी जीभच नालायक."

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, "ऐकायला पायजे होतं, अक्का."