पाचवा बार

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी प्राथमिक शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. वर्गात कुणी चिंचेवरच्या हडळीची गोष्ट काढली की त्याला एकोणिसाचा पाढा म्हणायला लावायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... आणि रडूही.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. करकंबच्या शिवारात जो तो विहीर खोल करत होता. माझा थोरला भाऊ अण्णा सुरुंग लावायचा. त्याच कमाईवर माझं ट्रेनिंग कॉलेज झालं. त्याच्यामागं कायम एक कुत्रा असायचा, पैलवान. नाव मोठं, पण घरात ताट पडलं तरी मुतायचा.

लोक म्हणायचे, बांधून ठेव त्याला. अण्णा ऐकायचा नाही. वाती पेटवून वर आला की बाभळीखाली बसायचा, पैलवानाचं डोकं मांडीवर घ्यायचा आणि त्याचे दोन्ही कान तळव्यांनी दाबून मनात बार मोजायचा. विहिरीत आवाज घुमून एकाचे दोन वाटतात, म्हणून मोजताना तो कुणाशी बोलायचा नाही. शेवटचा झाला की हात काढायचा – "झालं की रं, पैलवान." मगच कुत्रा उठायचा. अण्णाचे हात असले की तो थरथरायचासुद्धा नाही.

त्या दुपारी मी भाकरी घेऊन गेले होते. पाच वाती पेटवलेल्या. बार उडायला लागले आणि मी मध्येच माझ्या बदलीचं काढलं – दुधनीची शाळा मिळतेय, जाऊ का?

"जा की," अण्णा हसला. "तितं कानडी शिकशील." मग एकदम थांबला. "पाच झालं न्हवं गं?"

"झाले की," मी म्हणाले. मी मोजले नव्हते.

गणिताच्या बाईवर त्यानं भरवसा ठेवला. पैलवानाच्या कानांवरचे हात काढले आणि दोर धरून खाली उतरला. पाचवा बार त्यानंतर झाला.

दीडएक महिन्यानं अण्णाचा जोडीदार महादू तीच विहीर पुरी करायला लागला. वस्तीला पाणी हवंच होतं. दुपार झाली की मी पैलवानाला घरात कोंडायचे, गोधडीत गुंडाळायचे, कानात कापूस घालायचे. तरी तो दारावर धडका घ्यायचा, नाकातून रक्त यायचं. अण्णाची तेवढीच जिवंत खूण उरली होती, तीही भीतीनं मरणार असं वाटायचं.

एके दिवशी कडी नीट लागली नाही. मी धावत मागं गेले, तर तो त्याच बाभळीखाली. बार सुरू झाले होते आणि हा शांत पडलेला... दोन्ही कान डोक्याला चिकटलेले. भ्यालेला कुत्रा कान मागं पाडतो, हे मलाही ठाऊक आहे. हे वरून दाबलेले होते.

"पाच झालं, बाई," पलीकडून महादू म्हणाला आणि दोराकडे निघाला.

पैलवान उठला नाही. कान तसेच.

"थांबा महादूदादा, अजून एक हाय," मी ओरडले. कशावरून, ते विचारू नका. तो थांबला... आणि जमीन हादरली.

मग कान सावकाश वर आले. आधी एक, मग दुसरा. पैलवान अंग झाडून उठला.

कुत्र्यानं वाचवलं, असं महादू जन्मभर सांगत राहिला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला वातीची फुसफुस ऐकू येते. असेलही.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. महादू बोलायच्या आधी मी पैलवानाचे कान झाकायला हात पुढं केले होते. कान लागलेच नाहीत. पहार धरून घट्टे पडलेली, गरम बोटं लागली. मी म्हणाले, "अण्णा, मी मोजलं नव्हतं रे."

ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. उत्तर आलं नाही. मोजताना तो कुणाशी बोलायचा नाही.