वाफेला साहेब कळत नाही

अर्धवट सोडलेलं वाक्य नेमक्या त्याच शब्दापासून पुढे नेणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच झाला, आणि तो माझ्या ताईच्या वाट्याला आला. भावोजी कोयलीच्या बाजूला एका कारखान्यात कपाटाएवढा मिनिकॉम्प्युटर सांभाळत. त्याच्या डिस्कवर कामांची उतरंड त्यांनी स्वतः रचली होती. बॉयलरचा दाब सगळ्यांच्या वर, छापायचे रिपोर्ट तळाला. वरचं काम आलं की खालचं होतं तसं डिस्कवर ठेवायचं आणि ते उरकलं की सोडल्या अक्षरापासून पुन्हा सुरू. "उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चूकच," असं ते सांगत. घरीही हाच कायदा. कुकरची शिट्टी पहिली, दूधवाला दुसरा, मी शेवटचा. एकदा माझ्या बदलीचा विषय चालला होता. "तू तो अर्ज" एवढं बोलून ते शिट्टीला उठले, ते तिसऱ्या दिवशी मांडवीपाशी स्कूटर थांबवून म्हणाले, "करू नकोस." तोवर मी अर्ज करून मोकळा झालो होतो.

पुढे मोठ्या कचेरीतले साहेब ते यंत्र पाहायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर यंत्र राहणार, नाहीतर भंगारात. भावोजींचा जीव त्यात अडकलेला. ताई म्हणाली, "अहो, एक दिवस साहेबांचा रिपोर्ट वर घ्या ना. काय बिघडतंय?"

"वाफेला साहेब कळत नाही," भावोजी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पोळी मागितली.

व्हायचं तेच झालं. साहेबांसाठी रिपोर्ट छापला जात असताना बॉयलरचा दाब चढला आणि प्रिंटर अर्ध्या ओळीत गप्प झाला. साहेबांनी विचारलं, "केम, अटकी गयुं?"

"ना साहेब, तमाराथी मोटुं काम आवी गयुं छे." तुमच्याहून मोठं काम आलंय, असं भावोजींनी साहेबांना तोंडावर सांगितलं.

व्हॉल्व्ह उघडला, दाब उतरला, आणि मिनिटाभरात ती ओळ सोडल्या अक्षरापासून पुढे सरकली. पण ती पाहायला साहेब थांबले नव्हते. भावोजींनी हे सारं मला छाती फुगवून सांगितलं. एवढं अचूक काम त्या यंत्रानं कधी केलं नव्हतं म्हणे.

महिन्याभरात हुकूम आला. यंत्र बंद करायचं कामही त्यांच्याकडेच दिलं. ते उरकून संध्याकाळी त्यांनी मला सयाजीगंजात चहाला नेलं. माझी कचेरी, मुलांच्या शाळा, आईचे गुडघे, सगळं एकेक करून विचारलं आणि नीट ऐकून घेतलं. दोन तास एकदाही उठले नाहीत. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. त्या दिवशी मात्र फार वाईट वाटलं.