तीन चोरचोळ्या

सासरी माझ्या नावावर तीन लेकरं मेलेली होती. एकाचंही तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं.

दोन-तीन महिने विटाळ आला नाही की सासू दिवस गेले असं धरायची. दृष्ट लागू नये म्हणून कोणाला न सांगता मला हिरवी चोळी घालायची. तिला चोरचोळी म्हणतात. पुढे कधीतरी अंगावरून जायला लागायचं आणि घरात रडारड व्हायची. तिसऱ्या खेपेला सासू माझ्या हनुवटीवरच्या राठ केसांकडे बघत म्हणाली, "लेकरं खाणारी हाय ही. वाघिणीला बी मिशा असतात." तेव्हापासून दर अवसेला त्या तिघांसाठी उंबऱ्याबाहेर भाताच्या तीन मुदी मी ठेवायच्या आणि मागे न बघता आत यायचं, असा नेम झाला. नवऱ्याने दुसरी केली. मी भांडून निघाले ती लातूरला आले.

तिथे चोळीचे खण विकू लागले. सोलापूरचा माल निजामाच्या हद्दीत आणायचा म्हणजे नाक्यावर जकातीसाठी हुज्जत. ती मला जमली, दुकान उभं राहिलं. मुदी मात्र सुटल्या नाहीत. वाटायचं, थोरलं आता दाराची कडी वाजवण्याएवढं झालं असेल.

आणि मग, घरात पुरुष नसताना, चार महिने विटाळ आला नाही. लोकांच्या तोंडाची भीती होतीच. त्याहून मोठी भीती, तिघांतलं कोणीतरी परत पोटात शिरलंय. मी नांदेडचा जनाना दवाखाना गाठला. तिथल्या मुसलमान डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, हनुवटी पाहिली, मागचं सगळं विचारलं.

"फिकर करू नका. पोटात काही न्हाई. तुमचं बीज वेळेवर पिकत न्हाई, म्हणून पाळी चुकते. हे केस बी त्याच्यानंच. औषध देते, येईल पाळी."

"मग ती तीन?"

"ते बी असंच. सुईणीनं काही पाह्यलं होतं? का नुसतं रक्तच?"

"रक्तच."

"मग लेकरू नव्हतंच, बाई. तुम्ही कोणाला खाल्लं न्हाई."

मी उसळले. "तिन्ही कशी नसतील? पहिल्या खेपेला मळमळत होतं मला."

"चोळी घालायच्या आधी, का नंतर?"

"बरं, दोन सोडा. एक तरी धरा."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "असतं तर दिलं असतं."

सासूच्या दारात जाऊन तिचा आळ तिच्या तोंडावर फेकायचा, असं ठरवून मी परतले. गेले नाही. तिला सांगायचं म्हणजे तिघांना माझ्या तोंडाने उंबऱ्यावरून हाकलायचं. ती मेली तेव्हाही मी तिच्या लेखी लेकरं खाणारीच होते. तो राग अजून जात नाही.

नांदेडहून आल्यावरच्या पहिल्याच अवसेला मुदी ठेवल्या नाहीत. शिजवलेला भात मीच खाल्ला, दाराकडे पाठ करून.