अपडेट संपेपर्यंत

"मधी उठू नका, सायेब. मशीन बिचकतंय," असं म्हणत माझे शेजारी आपल्या कॉम्प्युटरवर पंजा ठेवायचे, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.

समोरच्या घरात ते एकटेच राहत. तेलगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य गेलेलं, बायको वारलेली. मुलगी संभाजीनगरला. रोज व्हिडिओवर तोंड दिसावं म्हणून तिनं कॉम्प्युटर बसवून दिला होता. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त, म्हणून गल्लीतला जाणकार. अपडेट आलं की ते फाटकातून हाक मारायचे.

खरं तर माझी गरजच नव्हती. बटण दाबायचं आणि थांबायचं. पण 'बंद करू नका' ही पडद्यावरची सूचना त्यांनी माणसांनाही लावली होती. पाहुण्यानं अर्ध्या ताटावरून उठू नये, तसं अपडेट अर्धं टाकून कुणी उठायचं नाही. तोवर चहा, शेंगा, जिनिंगच्या गोष्टी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एकदा मे महिन्यात मधेच लाईट गेली. इन्व्हर्टर मशीनला पुरावा म्हणून त्यांनी पंखे आणि फ्रीजही बंद केला. आम्ही दोघं घामानं निथळत बसलो. शेवटी कोरा चहा पुढं आला. "दूध नासलं," ते समाधानानं म्हणाले, "पर अपडेट वाचलं."

मला मात्र कंटाळा येऊ लागला होता. एके दिवशी त्यांना न सांगता मी सेटिंग बदललं. दुपारी ते झोपलेले असताना मशीननं आपलं आपण उरकून घ्यावं.

काही आठवड्यांनी ते आले. "अपडेट कावून येईना हो?"

"येतं की. आता आपोआप होतं. तुमचं-माझं काही काम नाही."

"बरं. लई चांगलं झालं." चप्पल घालायला त्यांना बराच वेळ लागला.

मग हाक बंद झाली. म्हातारा शिष्ट झाला, असं गल्ली म्हणू लागली. मुलगी त्यांना घेऊन गेली, तेव्हा न सांगता गेला, असंही गल्ली म्हणाली. ते खरं नाही.

आदल्या संध्याकाळी ते माझ्या फाटकाशी आले होते. "मशीन ठीक हाय. उद्या पोरगी न्यायला येती. काम काई न्हाई, जरा बसायला या."

मी झाडांना पाणी घालत होतो. येतो म्हणालो. गेलो तर लवकर सुटका नाही, म्हणून गेलो नाही.

सकाळी गाडी उभी होती. ते रस्त्यात थांबून आमच्या दाराकडं बघत होते. "बाबा, चला," मुलगी म्हणाली. मी खिडकीच्या पडद्यामागं होतो. समोर कुणी नसताना त्यांनी हात जोडले आणि गाडीत बसले.