माझ्या नावावरचा ट्रेलर

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा मामंजी मिठाच्या खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि स्वस्थ बसणं त्यांना जमत नव्हतं. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी घेतली होती. तिच्यातून कलिंगडं मोरा बंदरावर न्यायची आणि तिथून लाँचने मुंबईला पाठवायची, असा त्यांचा बेत. पण जीपमध्ये कलिंगडं मावणार किती? सासूबाई म्हणायच्या, "कलिंगडं विकायला नेताय की फिरायला?"

एके दिवशी शिरढोणच्या अलीकडे एका शेतात मामंजींना ट्रेलर दिसला. दोन चाकांचा, जीपच्या मागे जोडायचा, लष्करी. लढाईच्या दिवसांत तिथे सोजिरांची छावणी होती, ते जाताना टाकून गेले होते. आता त्यात कोंबड्या राहत होत्या. शेताची मालकीण एक आगरी म्हातारी.

"आजी, हा मला देता का?"

"आनि माज्या कोंबड्या कुठं राहतील? तुमच्या घरी?"

मामंजींनी स्वतःच्या हाताने सागवानी खुराडं बांधलं. उतरतं छप्पर, दाराला कडी, आत दांड्या. म्हातारीने त्यात डोकं घालून पाहिलं, एक कोंबडी आत सोडून पाहिली आणि म्हणाली, "न्या तुमचा टेलर."

मामंजी तो जीपमागे बांधून घरी आले ते भोंगा वाजवतच. मी आणि त्यांनी मिळून रॉकेलने आणि काथ्याने घासघासून तो धुतला, तेव्हा खाली सांगाड्यावर ठोकलेला नंबर दिसायला लागला. मामंजींनी तो पत्रिका वाचावी तसा वाचला. तेवढ्यात आमच्या आळीतले हवालदार दारावरून जात होते.

"झकास आहे. गाडीचा नंबर कुठाय?"

"हा काय."

"तो कारखान्याचा. सरकारी नंबर नाही तोवर हा रस्त्यावर दिसता कामा नये."

मग एसटीने आम्ही दोघं जिल्ह्याच्या मोटार कचेरीत गेलो. मी सोबत अशासाठी, की मामंजींचं अक्षर त्यांनाही लागत नसे. तिथल्या कारकुनाने विचारलं, "ट्रेलर कोणाचा?"

"माझा."

"कशावरून?"

"माझ्या अंगणात उभा आहे."

"उद्या तुमच्या अंगणात कलेक्टरसाहेबांची म्हैस उभी राहिली तर ती तुमची?"

मामंजींनी यावर खरोखर विचार केला. "दूध कोण काढतंय, त्यावर आहे."

मी पदर तोंडात कोंबला. कारकूनही हसला आणि हसल्यावर माणसात आला. त्याने सगळं समजावून सांगितलं. जिच्याकडून ट्रेलर घेतला तिने मामलेदारापुढे शपथेवर सांगायचं. चोरीचा माल नाही असा पोलिसांचा दाखला आणायचा. कुणाची हरकत असल्यास कळवावे म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. मग इन्स्पेक्टर पनवेलला येतील तेव्हा तपासणी.

"अर्ज कोणाच्या नावाने?"

मामंजींनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या."

"मामंजी!"

"माझं वय झालं, सूनबाई. यांचे कागद व्हायला किती वर्षं लागतील कोण जाणे. नाव आपलं तरुण असलेलं बरं."

माझ्या नावावर तोवर काहीच नव्हतं. खुद्द नावही लग्नात बदललेलं. अर्जावर सही करताना मला उगाचच उंच झाल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी शेजारी जाऊन सांगितलं, "आमची सून टेलर नावावर करून घेतेय." शेजारीण घाबरून म्हणाली, "अगंबाई, कुठला? पेठेतला?"

मामलेदारांपुढे म्हातारी आली ती नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीची वेणी माळून, लग्नाला आल्यासारखी.

"हा ट्रेलर तुम्हाला कोणी दिला?"

"दिला कोनी नाय. गोरे सोजीर टाकून गेले."

"म्हणजे सरकारी माल?"

"सरकार तवाचा का आत्ताचा?"

मामलेदारांचा टाक हवेतच थांबला. मग त्यांनी विचारलं, "आणि ते सोजीर परत मागायला आले तर?"

"येवदे की. इतकी वर्सं माजी जागा अडवली, त्याचा भाडा दे म्हनेन. मंग न्या म्हनेन." आणि माझ्याकडे वळून, "नायतर या बायला विचारा. आता हिचा हाय."

मामलेदार बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी सही केली.

जाहिरातीवर कुणी हरकत घेतली नाही. पोलिसांचा दाखलाही आला. राहिली तपासणी. इन्स्पेक्टर गावाबाहेरच्या मैदानात येणार होते आणि ट्रेलर होता आमच्या अंगणात. नंबर नाही म्हणून जीपला जोडता येईना. मामंजींनी बैल आणले आणि ट्रेलरला जुंपले. कोपऱ्यावर हवालदार उभेच.

"बैलगाडीला नगरपालिकेचा बिल्ला लागतो."

"ही बैलगाडी नाही, ट्रेलर आहे."

"मग नंबर?"

"तोच आणायला चाललोय!"

"अहो, पण नंबराशिवाय कसं सोडू?"

मामंजींनी बैल सोडले. "हाताने ढकलत नेतो."

"हातगाडीलाही बिल्ला असतो," हवालदार म्हणाले. त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं.

मामंजी पेठेतल्या वखारीकडे पळत गेले आणि बिल्ला असलेली, चांगली रुंद बैलगाडी घेऊन आले. वखारीच्या हमालांनी ट्रेलर उचलून तिच्यावर ठेवला. हवालदारांनीही एका बाजूने हात लावला.

"आता हा काय आहे?" मामंजींनी धापा टाकत विचारलं.

हवालदारांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "माल," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

माल हलू नये म्हणून कुणीतरी आत बसायला हवं होतं. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन मी बसले. भर पेठेतून बैलगाडी, बैलगाडीवर ट्रेलर, ट्रेलरमध्ये मी आणि मागून जीप हाकत भोंगा वाजवणारे मामंजी. दुकानदार पायऱ्यांवर आले. फुलवाल्याने कसली मिरवणूक हे न विचारताच माझ्या दिशेने झेंडू उधळले. मी आधी मान खाली घातली होती, मग हसू आवरेना, मग मी चक्क हात हलवायला लागले. सुनेने हे करायचं नसतं. पण इतक्या उंचावरून ते लक्षात राहत नाही.

इन्स्पेक्टर किडकिडीत, गंभीर गृहस्थ होते. त्यांनी नंबर ताडून पाहिला, मागचा तांबडा दिवा पाहिला, ट्रेलर खाली उतरवून जीपला जोडायला लावला. मामंजींनी मला आत बसवून मैदानाला एक फेरी मारली. इन्स्पेक्टरांचं समाधान होईना. ते स्वतः चढून माझ्यासमोर बसले. दुसऱ्या फेरीत त्यांची टोपी उडाली. तिसऱ्या फेरीत मामंजी थांबायला लागले, तर ते ओरडले, "थांबू नका! स्प्रिंगा नीट पाहायच्यात!"

नोंदणीचं पुस्तक आलं तेव्हा मालकाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव होतं. मामंजींनी ते सासूबाईंना, शेजारणीला आणि दूधवाल्यालाही वाचून दाखवलं. पुढे कितीतरी उन्हाळे त्या ट्रेलरने मोरा बंदरावर कलिंगडं नेली, मिठागरांच्या मधल्या रस्त्याने, खाडीचा वारा खात.

पण पहिली फेरी कलिंगडांची नव्हती. आमचे हे मुंबईत नोकरीला होते, शनिवारी येत. त्या शनिवारी मामंजी आणि मी जीप-ट्रेलर घेऊन एसटी स्टँडवर हजर झालो. ह्यांनी पेंटरने नुकताच काढलेला नंबर पाहिला, मग मामंजींकडे पाहिलं.

"बाबा, शेवटी केलात म्हणायचा तुमच्या नावावर!"

"माझ्या? छे. मालकीण पुढे बसलीय."

ह्यांना ते खरं वाटेना. मी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि जीपमध्ये चढायला आले. पुढे माझ्याशेजारी जागा होती. मी तिथे पिशवी ठेवली.

"मग मी कुठे बसू?"

"मागे," मी म्हणाले. "आणि स्प्रिंगा कशा आहेत ते घरी गेल्यावर सांगा."