वीज परत आल्यावर

तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर मागच्या खोलीत लाकूड कोरणारं छोटं सीएनसी यंत्र जुळवलं. आता मोटारींना कॉम्प्युटरचा हुकूम पोचवणारा कंट्रोलर बोर्ड तेवढा निवडायचा होता. नागपूरच्या दुकानदाराने दोन सुचवले, एक तीन मोटारींचा, एक चारचा. यंत्राला मोटारी तीनच, पण आजोबांचा जीव चारवाल्यावर.

दोन्हींची इंग्रजी माहितीपुस्तकं मी पेन्सिल घेऊन वाचली. "काऊन, पेपर तपासून राहिली का तू?" आजोबा म्हणाले.

मला एकच उत्तर हवं होतं. गोंदियात तेव्हा वीज रोज जायची, आणि ती गेली की आजोबा लगेच कटरखालचा भुसा बोटांनी काढायला बसत. वीज आल्यावर कटर आपोआप फिरू लागलं तर? पुस्तकांत त्याबद्दल अक्षर नव्हतं. मी दुकानदाराला फोन केला.

"मॅडम, ये तो आज तक किसी ने नहीं पूछा," तो म्हणाला. पण त्याने दोन्ही बोर्ड लावून, वीज बंद करून पुन्हा सुरू करून पाहिली. चारवाला स्वतःहून सुरू झाला. तीनवाला बटण दाबेपर्यंत थांबून राहिला.

"तीनवालाच घ्यायचा," मी आजोबांना सांगितलं.

"आणि पुढे चौथी मोटर लावायची झाली तर?"

"अहो, आधी बोटं दहाच्या दहा राहू द्या."

तीनवाला आला. पहिल्याच आठवड्यात वीज गेली, आजोबा भुसा काढायला बसले, आणि वीज आली. पंखा फिरू लागला, कटर जागचं हललं नाही. आजोबांनी हात बाहेर घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग बटण दाबलं.