डाव्या हाताची गिटार आहे का?

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, जळगावातल्या वाद्यांच्या एका दुकानात. तिने स्टँडवरची लाल इलेक्ट्रिक गिटार उचलली, पट्टा खांद्यावर घेतला, गिटारची मान उजवीकडे केली आणि डावा हात तारांवर ठेवला. काउंटरमागचा माणूस बाहेर आला. न विचारता त्याने तिच्या गळ्यातून गिटार काढली, फिरवली आणि पुन्हा अडकवली.

"उलटी धरली होती बेटा," तो म्हणाला. हसून म्हणाला. त्याच्या लेखी त्याने मदत केली होती.

बहिणीने उजव्या हाताने दोन तारा छेडल्या, परक्याच्या घरात भांडं उचलावं तशा, आणि गिटार परत स्टँडवर ठेवली. बोलले मी. यावलला ज्या मंडळींबरोबर मी काम करते त्यांची पत्रकं मी लिहिते. पाणी, रस्ता, केळीच्या बागांतल्या बायकांची मजुरी. त्यामुळे तोंड उघडलं की माझ्या तोंडून पत्रकच बाहेर पडतं.

"ती डावखुरी आहे. तिने बरोबर धरली होती. तुमची गिटार उलटी आहे."

"ताई, डाव्या हाताची वेगळी येते. ती आम्ही ठेवत नाही."

"का ठेवत नाही?"

"कोणी विचारतच नाही. आणि आत्ता नवीनच शिकतेय ना? उजव्याने शिकू द्या. होते सवय."

होते सवय. हे वाक्य आमच्या घरात पूर्वी एकदा येऊन गेलं होतं. बहीण पहिलीत असताना शाळेतल्या बाईंनी तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली. घरी आईनेही तेच चालवलं, कारण प्रसादाला डावा हात पुढे आला की लोक आईकडे बघतात, मुलीकडे नाही. सवय झाली. आज ती कॉलेजात उजव्या हाताने लिहिते आणि तिचा एकही पेपर वेळेत पुरा होत नाही. भाजी डाव्याने चिरते, केळीचं पान डाव्याने कापते, भांडणात चप्पल डाव्याने उगारते. फक्त लिहिताना तिला हात उसना घ्यावा लागतो. "लिहायचा हात गेला माझा," असं ती कधीतरी म्हणते, कुणाला दोष न देता. दोष द्यायचं खातं घरात माझ्याकडे आहे.

गिटारचं वेड तिला वरातीत लागलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत लग्नाला पिकअप गाडीवर बँड असतो. भोंगे, कीबोर्ड, आणि गाडीच्या टपाला पाठ लावून उभा असलेला एक गिटारवाला. मैत्रिणीच्या लग्नात सगळ्या नाचत होत्या आणि ही गाडीपुढे उलटी चालत त्याच्या बोटांकडे बघत होती. पुढे त्याच मैत्रिणीची साधी लाकडी गिटार मागून आणली आणि मोबाइलवरचे धडे समोर ठेवून शिकली. डावखुऱ्याला समोर बसलेला उजवा माणूस आरशासारखा दिसतो. त्याच्या गिटारची मान ज्या बाजूला, हिचीही त्याच बाजूला. "मला तुमच्यापेक्षा सोपं आहे," असं ती सगळ्यांना ऐकवायची. अडचण एकच. गिटार मागून आणलेली, त्यामुळे तारा काढून उलट लावता येत नव्हत्या. हिने उलटी धरली की जाड तार खाली जायची आणि बारीक वर यायची. गाण्याची चाल निघायची, पण साथ वाजवायला गेलं की सगळं डोक्यावर पडायचं.

म्हणून स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरली तेव्हा तिच्यासाठी एकच गोष्ट पणाला लागली होती. हा हात तरी राहतो, की हाही जातो.

मी मात्र आधी कंपनीच्या मागे लागले. कुठल्याही मोहिमेसारखीच माहिती गोळा केली, म्हणजे ज्याला त्याला विचारलं. एकाने सांगितलं, इंडोनेशियात बनलेली घ्या, चिनीच्या वाटेला जाऊ नका. दुसरा म्हणाला, चिनी आता सुधारल्यात, नावाचे पैसे कशाला देता. तिसऱ्याने देशी कंपनीची शपथ घेतली. माझं मत अर्थातच देशी. त्या रविवारी दुकानात मी एकेक गिटार पालथी करून मागचा शिक्का वाचत होते. एकीवर पुढे अस्सल देशी नाव आणि मागे चीनचा शिक्का. मी भांडणार एवढ्यात बहीण म्हणाली, "तू नाव वाचू नको. हात फिरव."

तिने मानेच्या कडेवरून तळहात फिरवला आणि मला फिरवायला लावला. खरखरलं, करवतीसारखं. गिटार दुकानाच्या काचेत उभी होती आणि काचेवर दिवसभर ऊन. जळगावच्या उन्हात लाकूड सुकतं, आकसतं, आणि मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येतात. आतल्या कोपऱ्यातली, तीच कंपनी, तोच नमुना, गुळगुळीत होती. आमच्या ऐपतीतल्या गिटारी एकमेकींच्या चुलत बहिणीच निघाल्या. नाव वेगळं, डोक्याचा आकार वेगळा, पोटातलं सामान जवळपास सारखं. कंपनीवरून वाद घालणारे सगळे एका बाबतीत मात्र एक होते. डाव्या हाताचं कुणीच बोलत नव्हतं.

ऑनलाइन शोधलं तेव्हा एका मोठ्या कंपनीची डाव्या हाताची एक गिटार सापडली. एकच नमुना, एकच काळा रंग, आणि उजवीपेक्षा महाग. तेच लाकूड, तेवढ्याच तारा. मी त्या संध्याकाळी पत्रक लिहून काढलं. मथळा, "डावखुऱ्यांना जादा भाव का?" बहिणीने वाचलं, एक चूक दुरुस्त केली आणि परत दिलं.

"छान आहे. पण पत्रक वाजवता येत नाही."

आईचं म्हणणं वेगळंच होतं. "उजव्याने वाजव गं. चारचौघांत बरं दिसतं."

मग धुळ्याची एक जुनी गिटार विकायला असल्याचं कळलं. देवपूरला एक निवृत्त गृहस्थ, मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला, गिटार कपाटावर पडून. फोटोत तिचं अंग दोन्ही बाजूंनी सारखं दिसत होतं, दोन शिंगांसारखं. बहिणीला तेवढंच हवं होतं. बहुतेक गिटारींना खालच्या अंगाला जास्त खोल खाच असते, म्हणजे हात मानेच्या शेवटापर्यंत पोचतो. अशी गिटार उलटी धरली की ती खाच वर जाते आणि हात अडतो. शिंगं सारखी असली तर उलटी काय, सुलटी काय.

मी विरोधात होते. धुळ्याच्या बसमध्ये अख्खा रस्ताभर मी तिला समजावत होते की डाव्या हातासाठी बनवलेलीच घ्यायची, मोडतोड करून का घ्यायची, जुळवून घ्यायचं काम दर वेळी आपणच का करायचं. पलीकडच्या सीटवरच्या बाईंना वाटलं, स्थळाचं चाललंय. "पोरीला विचारा ना आधी," त्या म्हणाल्या.

नानांनी, म्हणजे त्या गृहस्थांनी, गिटार पुसून पलंगावर मांडून ठेवली होती. "दख, बठ्ठं नवंच शे. पोऱ्यानी हात बी लावा नही."

"सगळं नवं, तर मग तारा का गंजल्या नाना?" बहीण म्हणाली.

"हवा खराब शे."

तिने गिटार डोळ्याजवळ धरली आणि बंदुकीचा नेम धरावा तशी मानेवरून नजर टाकली. मान सरळ होती. पट्ट्यांवर तारांनी खळगे पाडले नव्हते. मग नानांनी छोटा ॲम्प आणून केबल लावली. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "नाना, परत सुरू झालं का?" म्हणजे पोऱ्याने हात बराच लावला होता.

बहिणीने गिटार गळ्यात घातली. मान उजवीकडे, डावा हात तारांवर. मी नानांकडे बघत होते. आता हे उठतील आणि फिरवतील, अशी माझी खात्री होती आणि वाक्य तयार होतं. नाना उठले नाहीत. तिने वरातीतली एक चाल वाजवली, उलट्या तारांवर, दोनदा चुकत.

"असं बी वाजस का?" नानांनी विचारलं.

"वाजतंय की."

ते विचारात पडले आणि बहुधा किमतीचा विचार करू लागले. आतून अक्का, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. बहिणीने कप डाव्या हाताने घेतला. अक्कांनी तो हात पाहिला.

"डावरी शे का तू?"

"हो."

"मनी बहीणबी व्हती. मार खाई खाई उजवी व्हयनी." एवढं सांगून त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. मी अशा ठिकाणी सहसा बोलते. तिथे मी एक बिस्किट उचललं.

ठरवायला आम्ही दोघी बाहेर पायरीवर येऊन बसलो. मी शेवटचा प्रयत्न केला. थांब, पैसे साठवू, नवी डाव्या हाताची मागवू.

"ती मी हातात न घेताच येणार," ती म्हणाली. "मान वाकडी निघाली तर परत पाठवत बसायचं. ही मी वाजवून बघितली. हिचं काय बिघडलंय ते मला माहीत आहे."

"पण बटणं वरच्या बाजूला येतील. कोपर लागेल सारखं."

"लागू दे. कोपराला होईल सवय. हाताला नको."

गिटार घेऊन आम्ही परतलो.

तारा उलट लावणं दिसतं तेवढं सोपं नाही. मानेच्या टोकाला एक बारीक पट्टी असते आणि तिच्यात प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे खाच असते. जाड तार बारीक खाचेत बसत नाही, बारीक तार रुंद खाचेत झिणझिणते. तिने कोरी पट्टी मागवून बारीक कानशीने खाचा पाडल्या. पहिली पट्टी वाया गेली, खाच खोल झाली. दुसरी जमली. खांद्यावरच्या पट्ट्याची खुंटी दुसऱ्या शिंगावर नेली. मग एका दुपारी तिने जाड तार वर, बारीक खाली लावून सहाही तारांवरून डावा हात एकदम फिरवला आणि पहिल्यांदाच साथ बरोबर पडली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता बरं वाटतंय." हातांबद्दल ती काही बोलली नाही. मीही तिला डिवचलं नाही, आणि माझ्यासाठी हे सोपं नव्हतं.

इथे गोष्ट गोड झाली असती. पण मला एक बोचत राहिलं. बहिणीने तिचा प्रश्न सोडवला, म्हणजे गिटार बदलून स्वतःजोगी केली. अक्कांच्या बहिणीने मार खाऊन हात बदलला. दोन्ही वेळा ते घरात झालं आणि दुकानाला पत्ताच लागला नाही. डावखुरी माणसं मुकाट्याने वस्तू तरी बदलतात नाहीतर स्वतःला, आणि बाजार म्हणतो, कोणी विचारत नाही.

नव्या तारा घ्यायला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. बहिणीने बॅगेतून गिटार काढून गळ्यात घातली. काउंटरमागच्या माणसाचा हात उचलला गेला आणि तसाच काउंटरवर टेकला. त्याने खालीवर झालेल्या तारा पाहिल्या.

"केलीत की सोय."

"तिने केली," मी म्हणाले. "आमच्यानंतर कोणी डाव्या हाताची विचारली का?"

त्याने खरोखर आठवून पाहिलं. "नाही ताई. तुम्हीच. अजून दोन-चारांनी विचारलं तर एखादी ठेवू की. आम्हाला काय, विकायचंच आहे."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुम्ही उजवे असाल. गिटारशी तुमचा संबंध नसेल. तरी पुढच्या वेळी बाजारात गेलात की वाद्यांच्या दुकानात दोन मिनिटं शिरा आणि मोठ्याने विचारा, डाव्या हाताची गिटार आहे का? नाही म्हणाले तर, का नाही, तेही विचारा. आणि तुमच्या घरातलं लेकरू डाव्या हातात पेन्सिल धरून बसलं असेल, तर तुमचा हात मागे घ्या.